पाटावरचा स्क्रूड्रायव्हर

आमच्या घरात दसऱ्याचा एक नियम आहे आणि तो मोडायची हिंमत माझ्यात या वयातही नाही. पाटावर पूजेला मांडलेलं हत्यार संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय उचलायचं नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. दसऱ्याला अख्ख्या खात्यातले साचे धुऊनपुसून झेंडूने सजायचे आणि त्या दिवशी कोणी मागातून सूत नेणाऱ्या धोट्याला हात लावायचा नाही. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, नियम तेवढा आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत राहायला आला. आता पाटावर पक्कड असते, हातोडी असते, आईची कात्री असते, माझे ब्रश, पेन्सिली, खोडरबर आणि घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक झेंडू.

माझा कॉम्प्युटर पाटावर मावत नाही, म्हणून त्याला टेबलावरच हार. आणि पाटावर नाही म्हणून तो चालवायला हरकत नाही, असा बाबांचा निकाल. या निकालावर मी कधी वाद घातला नाही, कारण तो माझ्या सोयीचा होता.

यंदा तर फारच सोयीचा. मी साड्यांच्या किनारींची डिझाइनं करते. लोअर परळचा आमचा स्टुडिओ दिवाळीनंतर सुरतेला हलणार होता आणि मला सांगून झालं होतं, मनवा, यायचं तर सुरतेला ये, नाहीतर राम राम. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांना म्हटलं, तुम्हीपण चला, तर म्हणाले, "मी हयच बरो." मग मी एकटी जाऊ का, तर म्हणाले, "जा की." आणि त्यानंतर जेवताना ताटातला मासा तसाच राहायला लागला. आमच्या मालवणी घरात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशात वापीच्या एका साडीवाल्या शेठचा निरोप आला. घरी बसून काम देतो, पण आधी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर एक किनार काढून दाखव. शेठ भाविक, त्यामुळे परीक्षेची वेळ काय ठेवावी? दसऱ्याचा विजयमुहूर्त! दुपारी दोन वाजून गेल्यावर. किनार जमली तर मी डिलाईल रोडला, नाही जमली तर बोचकं बांधून सुरतेला.

किनारीची मला धास्ती नव्हती. धास्ती होती शेठच्या सॉफ्टवेअरची. ते नवमीला सकाळी आलं, तेही माझ्या मशीनच्या नंबरवर नोंदवून, म्हणजे दुसऱ्याचा लॅपटॉप मागून आणायची सोय नाही. आणि माझ्या जुन्या विंडोजवर ते चालेना. नवं विंडोज टाकणं भाग होतं. बाबा म्हणाले, नवं काम उद्या पूजा झाल्यावर सुरू कर. ठीक. मी नवमीच्या दुपारी निदान कॉम्प्युटरचा डबा उघडून साफ करून ठेवू म्हटलं. आत वर्षाची धूळ. रॅमच्या दोन पट्ट्यासुद्धा काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या. मशीन हातातलं काम ज्यांवर मांडून बसतं त्या या पट्ट्या. सगळं तसंच उघडं टाकून मी दादरच्या फुलबाजारात झेंडू आणायला पळाले. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मान वाकडी करून कानाशी फोन धरला होता, एका हाताने पट्ट्या खोचल्या, झाकण लावलं आणि स्क्रू जीव खाऊन आवळले. मशीन सुरू झालं. छान!

दसऱ्याला सकाळी बाबांनी पाट मांडला, पूजा केली, टेबलावरच्या डब्याला कुंकू लावून हार घातला आणि मला म्हणाले, "कर गो सुरू." मी पेनड्राइव्ह लावला. जुनं विंडोज पुसून टाकायचं का, असं मशीनने विचारलं, मी ऐटीत हो म्हटलं. नवं विंडोज चढायला लागलं. दहा टक्के, वीस टक्के. मी चहा ठेवायला उठले. परत येऊन बघते तर अठ्ठावीसवर गाडी थांबलेली आणि पडद्यावर एक पाटी, की फायली खराब आहेत, इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकत नाही.

जुनं गेलेलं, नवं येईना. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो सणाच्या दिवशी काढायचा नव्हता. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी नीलला फोन लावला. नील माझा कॉलेजातला मित्र, गिरगावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागे आरती चाललेली ऐकू येत होती.

"पेनड्राइव्ह गंडलाय तुझा," नील ओरडून म्हणाला. "नवा बनव. आणि दुसऱ्या पोर्टला लाव."

"तू ये ना रे जरा."

"आज? दुकानाची पूजा आहे, सगळं घर इथे आहे. पप्पा जीव घेतील माझा. तू कर, मी सांगतो ना फोनवर."

म्हणजे हा उंटावरून शेळ्या हाकणार! पण दुसरं कोण होतं? खालच्या मजल्यावरच्या प्रितीच्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा डाउनलोड केलं, नवा पेनड्राइव्ह बनवला, दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. लावला. अठ्ठावीस आलं. गेलं! पन्नास गेलं, साठ गेलं. मी देवाकडे बघितलं. एकाहत्तरवर पुन्हा तीच पाटी.

तिसऱ्यांदा लावलं तर बारावरच बसलं.

मी खुर्चीत डोकं धरून बसले. कुठे माशी शिंकली कळेना. बाबा दारात उभे राहून एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते. एरवी मी चिडले की भांडी आपटते, पण भांडीसुद्धा त्या दिवशी घासूनपुसून सणाची लावलेली.

आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. अठ्ठावीस, एकाहत्तर, बारा. दर वेळी वेगळी जागा! चूक माझ्या डिझाइनमध्येच असेल तर ती प्रत्येक साडीत त्याच ठिकाणी येते, मोर चुकला तर दर वेळी तोच मोर चुकतो. पण एका साडीत पदराला, दुसरीत मध्येच, तिसरीत काठाला असं झालं तर मी डिझाइनकडे बघतही नाही, माग तपासायला सांगते. पेनड्राइव्ह म्हणजे माझं डिझाइन. तो खराब असता तर दर वेळी एकाच जागी अडकायला हवं होतं. मग माग कोणता? काम जिच्यावर मांडलं जातं ती रॅम!

मी उडी मारून उठले. खुर्ची मागे पडली. पुन्हा नीलला फोन लावला.

"नील! पेनड्राइव्ह नाही रे! रॅम आहे, रॅम!"

मी त्याला आकडे सांगितले, काल पट्ट्या काढल्याचंही सांगितलं.  

"च्यायला," तो म्हणाला. "बरोबर बोलतेयस. पट्ट्या काल काढल्या होत्यास ना? नीट बसल्या नसतील. उघड डबा."

"उघडते!" मी म्हटलं आणि वळले, आणि समोर पाट.

पाटावर स्क्रूड्रायव्हर. डोक्यावर झेंडू, अंगाला हळदकुंकू. नव्या नवरीसारखा बसलेला.

मी नुसता हात पुढे केला. बाबांनी नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला.

"बाबा, दोन मिनिटांचं काम आहे."

"आज हत्यार उचलूचा नसता, बाय. तुका ठावक हा." मग जरा थांबून, "दुसऱ्याकडचो घे ना. त्येंचो नियम त्येंच्याकडे."

दुसऱ्याकडचा! आधी मी रुपयाचं नाणं लावून बघितलं, चमच्याची शेपटी लावून बघितली. आदल्या संध्याकाळी मीच जीव खाऊन आवळलेले स्क्रू, ते काय हलतायत. तशीच अनवाणी गॅलरीत धावले. आमच्याच माळ्यावर अवधूत राहतो, इलेक्ट्रिशियन. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हरांचं अख्खं खानदान आहे. दार उघडंच होतं. आत बघते तर टेस्टर, पाने, पकडी, ड्रिल मशीन, सगळे उंचीप्रमाणे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला फूल, आणि अवधूत नवा कुर्ता घालून अगरबत्ती ओवाळतोय.

"अवधूत, एक दे रे. एकच. छोटासा."

त्याचा चेहरा रडवेला झाला. "मनवा, जीव माग. पण आज नको गं. वर्षभर विजेशी खेळतो मी. आजच्या दिवशी हात लावला आणि काही झालं तर?"

 त्याचा धंदाच तसा. मी तळमजल्यावर पळाले, गंगाधरकाकांकडे. काका जुने लाल बावट्याचे. आयुष्यभर संप, मोर्चे, सभा. देवाला हात जोडलेले त्यांना कोणी पाहिलं नाही. हे मला आधीच कसं सुचलं नाही!

"काका, तुमच्याकडे पूजा नसते ना?"

"छट्! आपण नाही त्यातले." काका छाती काढून म्हणाले. "काय पाहिजे तुला? स्क्रूड्रायव्हर? एक सोडून दोन घे." त्यांनी कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली, कडी काढली, झाकण उघडलं.

आत सगळ्या हत्यारांवर झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध कुंकवाचा टिळा.

काका पेटीकडे बघत राहिले. मी काकांकडे. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "हात लावायचा नाही हां पेटीला! सांगून ठेवते."

काकांनी हळूच झाकण लावलं. "संध्याकाळी ये," ते बारीक आवाजात म्हणाले. "आपण चर्चा करू."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण घड्याळ एकच्या पुढे गेलं होतं.  घरात आले आणि उंबऱ्यावरच बसकण मारली.

"अख्ख्या चाळीत एक स्क्रूड्रायव्हर मोकळा नाही!" मी ओरडले. "जाते मी सुरतेला. तिकडे बाराही महिने सुटे मिळत असतील. राहा तुम्ही तुमच्या पाटाजवळ!"

बोलून गेले आणि वाईट वाटलं, पण राग उतरत नव्हता.  बाबा मोरीत गेले. नळाचा आवाज आला. हात धुऊन, पुसून, टोपी घालून ते पाटासमोर बसले. चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर टाकल्या, दोन्ही हातांनी पाट जरासा हलवला. पूजा उठवताना करतात तसा. मला वाटलं माझी नजर चुकतेय. गिरणीला टाळं लागलं त्या वर्षी फाटकाबाहेर बसून त्यांनी घरची हातोडी-पक्कड पुजली होती, तेव्हाही सोनं वाटल्याशिवाय उचलली नव्हती, असं आई सांगायची.

"पोरीचा काम हा," बाबा देवाला म्हणाले. "समजान घे."

त्यांनी झेंडू बाजूला ठेवला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला.  मला एकदम रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता.

डब्याचा हार काढला, स्क्रू फिरवले, झाकण ओढलं. पहिली पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून वर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला बारीक सोनेरी दात असतात, ते खोबणीत बसतात. माझ्या पट्टीचे सोनेरी दात लाल होते. लाल आणि पिवळे. दुसरी काढली. तीही तशीच. खोबणीत बघितलं तर आत कुंकवाची भुकटी.



"बाबा," मी सावकाश म्हटलं. "हे काय आहे?"

बाबा जवळ आले. चष्मा वर केला. बघितलं. चेहरा उतरला त्यांचा.

"मियाच लावलंय," ते म्हणाले. "काल तू फुलांक गेलंस तेव्हा. पेपरार ठेवलेली होतीत. म्हटला, उद्या झाकण लागला की आत हात पोचाचो नाय. सोन्याचे दात दिसले, तेंका बोटान वायच लावलंय."

"आत कशाला लावायचं? बाहेर डब्याला लावलं होतं ना!"

"झाकणाक लावन काय उपयोग? काम तर आत होता." ते खाली मान घालून बोलत होते. "साच्याक पण धोट्याकडेच लावायचंय मी, बंद पडू नये म्हणान. हेका लावलंय तो तुका सुरतेक जावचा लागू नये म्हणान. आणि माझ्याच हातान बंद पाडलंय."

"जा की," म्हणाला होता हा माणूस. "जा की!" आणि गुपचूप जाऊन मशीनच्या दातांना कुंकू लावून आला होता. मला हसू फुटलं. फुटलं म्हणजे असं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बाबा घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाबा, तुम्ही बंद नाही पाडलंत. चोंदवलंत फक्त. खोडरबर द्या!"

"तो पण पाटार हा."

"बाबा!"

"घे, घे," म्हणत त्यांनी पाटावरून खोडरबर उचलला, पाठोपाठ न सांगता ब्रशही उचलला. एकदा देवाला सांगून झालंच होतं. मी खोडरबराने एकेक दात घासला, शाळेत चुकलेलं गणित खोडायचे तसा. लाल गेलं, पिवळं गेलं, सोनेरी वर आलं. बाबांनी ब्रशने माझ्या हाताखाली खोबण्या झाडल्या, आणि साचेखात्यातला माणूस तो, एक कण ठेवला नाही. पट्ट्या पुन्हा बसवल्या. खिट्ट्या टक् करून लागल्या. कालच्या गडबडीत हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

झाकण न लावताच मशीन सुरू केलं. पेनड्राइव्ह. पुन्हा पहिल्यापासून. पाच. आठ. बारा! बारा गेलं! मी बाबांचा हात घट्ट धरला. एवढ्यात दारात अवधूत उभा, अपराध्यासारखं तोंड करून, आणि त्याच्या मागे गंगाधरकाका.

"काही झालं का गं?" अवधूतने विचारलं.

"बोलू नकोस! अठ्ठावीस येतंय!"

अठ्ठावीस आलं आणि गेलं. आता चौघंही पडद्यासमोर, निवडणुकीची मतमोजणी बघावी तसे. साठ झाले. पासष्ट झाले. काका पुटपुटायला लागले, "चल, चल, चल." सत्तरवर ते जरा रेंगाळलं.  एकाहत्तर. बहात्तर! अवधूतने टाळी वाजवली आणि काकांनी, कोणी बघत नाही असं समजून, पटकन हात जोडले. मी बघितलं. काकूंना सांगणार आहे.

शंभर! मशीन बंद होऊन पुन्हा उघडलं आणि नवाकोरा निळा पडदा समोर आला. जीव भांड्यात पडला. पण अजून शेठचं सॉफ्टवेअर चढायचं होतं, किनार काढायचा टॅबलेट जोडायचा होता. ते सगळं होईपर्यंत विजयमुहूर्त लागलाच, आणि कॉलची घंटी वाजली. केस नीट करायलाही वेळ मिळाला नाही.

पडद्यावर शेठ आले. जाडसे, गळ्यात हार, मागे लक्ष्मीचा फोटो. माझ्याकडे बघून हसले. "अरे वाह, पूजा हो गयी मशीन की?"

मला कळेना त्यांना कसं कळलं. मग कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझंच तोंड दिसलं. घाम पुसताना लाल बोटं कपाळभर फिरलेली, नाकावरसुद्धा कुंकू.

"हो गयी शेठजी," मी म्हटलं. "अंदर तक हो गयी."

मागून बाबांचा खोकल्याचा आवाज आला.

"तो फिर दशहरे का ही कुछ दिखाओ. नया."

मी इकडेतिकडे बघितलं. फुलं सगळेच काढतात, मोर सगळेच काढतात. पाटावर बाकीची हत्यारं होती आणि त्यांच्यामध्ये आपट्याची पानं. दोन पाकळ्या मध्ये जोडलेलं ते पान. मी तेच घेतलं. पानाला पान जोडलं, एक सरळ, एक उलटं, मध्ये बारीक वेल सोडली, कडेला सोनेरी दातांची ओळ. होय, रॅमच्या दातांची! हात असा चालत होता की मी फक्त त्याच्या मागे मागे जात होते. शेठ आधी मागे टेकून बसले होते, ते पुढे आले, मग चष्मा लावून आणखी पुढे आले, शेवटी पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळच दिसायला लागलं.

"ये किनारे पे दांत जैसा क्या है?"

"सोना है, शेठजी. आज के दिन का."

"रंग बदल के दिखाओ." मी बदलले. "ये वाला रखो." मग ते कुणाशी तरी गुजरातीत काहीतरी बोलले, आणि मला म्हणाले, "कल से काम चालू करो. ये किनार किसी और को मत देना."

कॉल बंद झाला.  मग अवधूतने अशी शिट्टी मारली की समोरच्या चाळीतली कबुतरं उडाली, आणि गंगाधरकाका "झिंदाबाद!" म्हणून ओरडले, कोणाचं ते त्यांनाच ठाऊक. मी बाबांच्या गळ्यात पडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले आणि म्हणत राहिले, "बरा झाला. बरा झाला गो."

मग ते बाजूला झाले आणि पाटाजवळचा कुंकवाचा करंडा उचलून फडताळात ठेवायला निघाले. मशीनच्या बाजूने जाताना तो करंडा त्यांनी दुसऱ्या हातात, मशीनपासून लांब धरला होता. ते मला बघवेना.

"बाबा, थांबा. आता लावा."

"नको गो. बंद पडात."

मी डब्याचं काढलेलं झाकण उचललं, उलटं केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "इथे लावा. पत्र्याला. पण आतल्या बाजूने."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगठा कुंकवात बुडवला आणि कोऱ्या पत्र्यावर मधोमध टेकवला, सावकाश, जरा दाबून. कुंकू आत, मशीनकडे तोंड करून. ते सुकेपर्यंत मी झाकण तसंच धरून उभी राहिले. मग लावलं, स्क्रू फिरवले. या वेळी जीव खाऊन आवळले नाहीत, पुढच्या वर्षी बाबांना उघडायला जड जायला नको.

स्क्रूड्रायव्हर मी पुसून परत पाटावर ठेवला. बाबांनी त्याच्या डोक्यावर झेंडू बसवला, तो घसरला, त्यांनी पुन्हा बसवला.

"आता सोना वाटून होईसर कोणी हात लावूचो नाय," ते म्हणाले आणि आत वळले. "आणि जेवक वाढ. भूक लागली हा माका."